रोटरी गाडीला मोठा टर्बो निवडताना: पुण्याच्या हवेत, पुण्याच्या पेट्रोलवर

रोटरी गाडीला (म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन असलेल्या गाडीला) मोठा टर्बो लावायचा विषय निघाला की सगळे कंप्रेसरवर, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूवर, तुटून पडतात. चाक किती मिलिमीटरचं, जाहिरातीत किती हॉर्सपॉवर लिहिलीय, कुणी कुठला बसवलाय. माझ्या मते ही चर्चा उलट्या टोकाने सुरू होते. १३बी या माझदाच्या दोन रोटरच्या इंजिनासाठी आधी टर्बाइन ठरवावं, म्हणजे एक्झॉस्टची बाजू. कंप्रेसर नंतर, आणि गरजेपुरताच.

हा लेख प्रामुख्याने माझदाच्या आरएक्स-७ च्या एफसी आणि एफडी मॉडेलसाठी आहे, किंवा १३बी टर्बो इंजिन दुसऱ्या गाडीत बसवलेल्यांसाठी. माझदाने रोटरी गाडी आपल्याकडे अधिकृतपणे कधीच विकली नाही, त्यामुळे पुण्यात अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. सुटे भाग बाहेरून येतात आणि सल्लाही बाहेरूनच येतो. तो सल्ला खोटा नसतो, पण समुद्रसपाटीवरच्या, थंड हवेतल्या आणि वेगळ्या पेट्रोलवरच्या गाडीचा असतो. तो तसाच्या तसा उचलला तर इथे महागात पडतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करून गाडी रस्त्यावर आणणं अडचणीचं आहे. पुढचं सगळं ट्रॅकवर किंवा बंद धावपट्टीवर चालणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवून वाचा, रस्त्याचे दाखले फक्त अंदाज यावा म्हणून आहेत.

आधी इंजिन तपासा, मगच पैसे काढा

रोटरीचं कॉम्प्रेशन साध्या गेजवर कळत नाही. प्रत्येक रोटरला तीन बाजू, म्हणून प्रत्येक रोटरचे तीन आकडे वेगवेगळे दाखवणारा रोटरीचा खास टेस्टर लागतो. एफडीसाठी २५० आरपीएमला ६ किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) खाली एकही आकडा नको आणि एकाच रोटरच्या तीन आकड्यांत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. पुण्यात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्के कमी असल्याने आकडेही तेवढे कमी येतात. ५.८ आला म्हणून लगेच इंजिन उघडायला घेऊ नका. पण एकाच रोटरवर ७.२, ७.१ आणि ५.२ असं आलं तर टर्बोचा विषय बाजूला ठेवा. एक अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची, वायू अडवणारी पट्टी) थकलंय, आणि मोठा टर्बो त्याला सुट्टी देणार नाही.

किती हॉर्सपॉवर, आणि कुठल्या पेट्रोलवर

एफडीचं १३बी-आरईडब्ल्यू इंजिन जपानमध्ये २५५ पीएसला आलं आणि शेवटच्या वर्षांत २८० पर्यंत गेलं, तेही दोन छोट्या टर्बोंच्या जोडीवर. एकच मोठा टर्बो लावून १ बार बूस्टला (टर्बोने बाहेरच्या हवेवर चढवलेला दाब) इंजिनवर ४०० हॉर्सपॉवर, हे रस्त्यावरच्या पंपाच्या पेट्रोलवर शहाणपणाचं लक्ष्य आहे. ५०० साठी चांगलं पेट्रोल आणि पाणी-मेथॅनॉलचा फवारा लागेल. ६०० च्या पुढे इंजिन आतूनच वेगळं बांधावं लागतं. तो या लेखाचा विषय नाही.

पेट्रोलबाबत एक गल्लत हमखास होते. अमेरिकेतला माणूस '९३ च्या पेट्रोलवर १ बार चालवतो' असं लिहितो, तेव्हा त्याच्या पंपावरचा ऑक्टेनचा आकडा (पेट्रोल नॉक किती टाळतं त्याचं माप) दोन चाचण्यांची सरासरी असतो. आपल्याकडे लिहिलेला आकडा रिसर्च ऑक्टेनचा, जो नेहमी जास्त दिसतो. त्याचं ९३ म्हणजे आपल्या मोजमापात साधारण ९८. म्हणजे आपलं ९५ त्याच्या ९३ पेक्षा कमजोर. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल, एक्सपी १००, डिसेंबर २०२० मध्ये निवडक शहरांत आलं, त्यात पुणं होतं. पण ते ठरावीक पंपांवरच मिळतं. म्हणून ट्यूनरकडून इंजिनच्या संगणकासाठी दोन मॅप (पेट्रोल आणि ठिणगीचे तक्ते) करून घ्या: एक १०० चा आणि एक कमी बूस्टचा, वाटेत साधं भरावं लागलं तर. एफडीने कोल्हापूरला जाताना साताऱ्यात १०० मिळेल या आशेवर निघू नये.

हवेचा हिशेब

१३बी चं माप १३०८ सीसी. पण रोटरी शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात पूर्ण १३०८ सीसी हवा ओढते. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिन तेवढंच काम दोन फेऱ्यांत करतं. म्हणून टर्बोच्या दृष्टीने हे २.६ लिटरचं इंजिन आहे. '१.३ लिटरला एवढा मोठा टर्बो?' या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

आता पुण्याचे आकडे घालू. शहराची उंची सुमारे ५६० मीटर, हवेचा दाब साधारण ०.९५ बार. मे महिन्यात ४० अंश. इंजिन ७५०० आरपीएमला मिनिटाला ९.८ घनमीटर हवा ओढेल. बूस्ट १ बार, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये एकूण १.९५ बार. चांगल्या इंटरकूलरनंतर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) हवा ६० अंशांवर आहे असं धरू. तेव्हा एका घनमीटरचं वजन जवळपास २ किलो. गुणाकार केला की मिनिटाला २० किलो, म्हणजे कंप्रेसरच्या नकाशांच्या भाषेत ४४ पाउंड प्रति मिनिट.

पिस्टन इंजिनात एका पाउंडाला १० हॉर्सपॉवर धरतात. रोटरी जास्त पेट्रोल पिते आणि सुरक्षिततेसाठी मिश्रणही श्रीमंत (हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचं) ठेवावं लागतं, म्हणून इथे ९ धरा. ४४ गुणिले ९, म्हणजे ४०० च्या आसपास. लक्ष्याला जुळलं. ५०० हवे असतील तर ५५ पाउंड.

याच हिशेबामुळे टर्बोच्या नावातले आकडे फसवे ठरतात. टर्बो बनवणाऱ्या गॅरेटच्या जी३०-७७० किंवा जी३५-९०० मधला शेवटचा आकडा कंप्रेसर फुल्ल ताणल्यावरची, पिस्टनच्या हिशेबाची हॉर्सपॉवर आहे. रोटरीत तो कधीच दिसणार नाही. बोर्गवॉर्नरच्या ईएफआर ८३७४ मध्ये ८३ हा कंप्रेसर चाकाचा मोठा व्यास आणि ७४ टर्बाइन चाकाचा. या नावात निदान टर्बाइनचं माप तरी सांगितलंय, म्हणून मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

नकाशावर दोन टिंबं

कंप्रेसर मॅप, म्हणजे टर्बो कंपनी देते तो नकाशा, छापून घ्या आणि हातात पेन्सिल घ्या. आडव्या अक्षावर हवा असते. उभ्या अक्षावर प्रेशर रेशो (बाहेर पडणारा दाब भागिले आत येणारा) असतो, आणि तो काढताना पुण्याची उंची विसरायची नाही. टर्बोतून बाहेर १.९५ अधिक इंटरकूलरमध्ये हरवणारे ०.१, म्हणजे २.०५. आत येताना ०.९५ मधून एअर फिल्टरची ०.०३ वजा, म्हणजे ०.९२. भागाकार २.२३. हीच गाडी मुंबईत २.१५ वर चालली असती. म्हणजे तोच १ बार बूस्ट गाठायला पुण्यात टर्बोला थोडं जास्त जोरात फिरावं लागतं.

पहिलं टिंब ४४ पाउंड आणि २.२३ वर. ते कार्यक्षमतेच्या मधल्या बेटात, ७२ ते ७५ टक्क्यांच्या आसपास पडायला हवं. ४० अंशांची हवा ७५ टक्के कार्यक्षमतेने दाबली की सुमारे १४५ अंशांवर बाहेर येते. ६५ टक्क्यांवर १६० च्या पुढे. या पंधरा-वीस अंशांचा बोजा इंटरकूलरवर आणि शेवटी अपेक्स सीलवर पडतो.

दुसरं टिंब खालच्या आरपीएमचं. ४००० ला पूर्ण बूस्ट मिळावा अशी अपेक्षा असेल तर तिथे हवा २१ ते २४ पाउंड. हे टिंब सर्ज रेषेच्या (जिच्या डावीकडे दाबलेली हवा कंप्रेसरमध्ये उलटी येते) उजवीकडे, थोडं अंतर ठेवून असायला हवं. 'पुढे ६०० करायचेत' म्हणून आत्ताच ७० मिलिमीटरचं चाक घेणाऱ्यांची टिंबं बहुतेक वेळा इथेच रेषेच्या डावीकडे जातात.

दोन्ही टिंबं नीट बसली की ४०० साठी ५८ ते ६२ मिलिमीटरच्या इंड्यूसरचं (हवा आत घेणारी बाजू) चाक येतं, ५०० साठी ६२ ते ६६. दुकानदार याहून मोठं सुचवेल. त्याला ते विकायचंय.

आता टर्बाइन, म्हणजे खरा निर्णय

पिस्टन इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, बंद होतो. १३बी मध्ये व्हॉल्व्हच नाही. रोटरभोवतीच्या हाउसिंगच्या भिंतीत एक भोक आहे, त्यावरून अपेक्स सील सरकलं की पोर्ट एकदम उघडतो. त्यात रोटरीची ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी, आग उशिरापर्यंत जळत राहते. पोर्ट उघडतो तेव्हा वायू अजून तापलेले आणि दाबाखाली असतात. लोड असताना एक्झॉस्टचं तापमान ९०० ते १००० अंशांपर्यंत जातं.

म्हणजे टर्बाइनला फिरवायला ऊर्जा भरपूर मिळते. म्हणूनच जे टर्बाइन २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनावर आळशी वाटेल, तेच १३बी वर व्यवस्थित जागं होतं.

आता उलट बाजू. टर्बाइन लहान घेतलं तर गाडी ३००० लाच जोर दाखवते, मजा येते, मित्र खूश होतात. पण वर ६५०० नंतर एवढा वायू त्या लहान वाटेतून निघत नाही. मॅनिफोल्डमध्ये दाब साठतो. इनटेक उघडतो तेव्हा एक्झॉस्ट पोर्ट अजून थोडा उघडाच असतो. स्टॉक पोर्टला हा काळ थोडा, ब्रिज पोर्टला (इनटेकला जास्तीचं भोक पाडलेल्या इंजिनाला) बराच. बाहेर जायला वाट नसलेले हजार अंशांचे वायू ताज्या मिश्रणात मिसळतात. मिश्रण आधीच तापलेलं, वर पुण्याचा मे महिना. मग डिटोनेशन, म्हणजे मिश्रण नियंत्रणाबाहेर स्फोटासारखं पेटणं. त्याचा दणका म्हणजेच नॉक. एफडीचं अपेक्स सील २ मिलिमीटर जाडीचं. पिस्टन इंजिन दोन-चार नॉक सहन करतं, अपेक्स सील कधी कधी पहिल्याच दणक्याला तुटतं. आणि तुटलेला तुकडा बाहेर कुठून जातो? टर्बाइनमधून. एका चुकीत इंजिन आणि टर्बो दोन्ही.

म्हणून रोटरीत 'मोठा टर्बो' याचा खरा अर्थ मोठं टर्बाइन आणि त्याभोवतीचं मोकळं हाउसिंग. ४०० साठी टर्बाइन चाक ६८ मिलिमीटरच्या आसपास (गॅरेटच्या जीटी३५ वर्गातलं), ५०० साठी ७४ च्या आसपास. हाउसिंगचा ए/आर (वायूची वाट किती मोकळी, हे सांगणारं गुणोत्तर) १.० ते १.०६ हा सुरुवातीचा आकडा. ०.८२ आणि ०.८३ ची हाउसिंग स्वस्तात आणि पटकन मिळतात, कारण ती दोन लिटरच्या पिस्टन गाड्यांसाठी भरपूर विकली जातात. मोह टाळा. ए/आर ची तुलना एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत करायची, हेही लक्षात ठेवा. एकाचं १.०५ आणि दुसऱ्याचं १.०६ म्हणजे सारखी वाट, असं धरता येत नाही.

मोकळं टर्बाइन पुण्यात जमेल का, हा रास्त प्रश्न आहे. एक्सप्रेसवेवर १०० च्या मर्यादेत एफडी पाचव्या गिअरला अडीच हजार आरपीएमच्या आसपास असते. तिथे मोठा टर्बो गप्प बसेल, आणि बसू दे. तिसऱ्यात टाकली की पाच हजारांजवळ जाते, तिथे सगळं हजर असतं. अडचण येते ती ताम्हिणीसारख्या घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांवर खेळताना. तुमचं चालवणं तसंच असेल तर मोठा टर्बो घेऊच नका. स्टॉक जोडी दुरुस्त करून घ्या. खरंच सांगतो, त्या कामाला ती जास्त चांगली आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळायचं असेल तर मात्र मोठ्या टर्बाइनला पर्याय नाही.

दोन रोटर, दोन वाटा

दोन्ही रोटरचे एक्झॉस्टचे ठोके १८० अंशांच्या अंतराने येतात आणि प्रत्येक ठोका लांब असतो. एका रोटरचा वायू दुसऱ्याच्या पोर्टात शिरू नये म्हणून विभागलेलं टी-४ मापाचं हाउसिंग, म्हणजे ट्विन स्क्रोल, रोटरीला नैसर्गिकच बसतं. फक्त मॅनिफोल्डच्या दोन नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या राहायला हव्यात. वेस्टगेटच्या (बूस्ट आवरायला जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) नळ्यासुद्धा. दोन्हींचा वायू एकाच वेस्टगेटच्या नळीत एकत्र केला तर ट्विन स्क्रोलचे पैसे फुकट गेले.

मॅनिफोल्ड भोसरीत कुणीही उत्तम टिग वेल्डर बनवून देईल, हात चांगले आहेत. पण पाइप कुठला, हे स्वतः उभं राहून पाहा. बाजारात स्टेनलेस म्हणून सर्रास २०२ दर्जाचा पाइप येतो, तो जिन्याच्या रेलिंगसाठी ठीक. रोटरीच्या उष्णतेला तो तडकतो. जाड भिंतीचा ३०४ किमान, ३२१ किंवा ३४७ मिळाला तर उत्तम. फ्लँज १२ मिलिमीटर जाड. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळत ठेवू नका, इंजिनला आधाराची पट्टी द्या.

आपल्याकडे एक फायदा आहे, तो क्वचित कुणी सांगतो. १३बी चे इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही डाव्या बाजूला, आणि आपल्या गाड्यांचं स्टीअरिंग उजवीकडे. अमेरिकेत ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि मोठा टर्बो एकाच कोपऱ्यात भांडतात. इथे ती जागा मोकळी आहे.

वेस्टगेट: कंजूषी नको

रोटरी एवढा वायू सोडते की लहान वेस्टगेट उघडूनही बूस्ट चढतच राहतो. १ बार ठरवलेला आणि वर जाता जाता १.३ झालेला. एवढ्यात सील जातं. म्हणून बाहेरचा एक ६० मिलिमीटरचा, किंवा ट्विन स्क्रोलला दोन ४४ ते ४६ चे. गंमत अशी की बूस्ट जितका कमी ठेवायचा, तितका वेस्टगेट मोठा लागतो. वेस्टगेटची नळी वायूच्या वाहत्या दिशेत निघायला हवी, काटकोनात नाही.

धातू, तेल, आणि ट्रकचा टर्बो

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत कुणीतरी नक्की म्हणेल, 'साहेब, कशाला लाखांचा टर्बो? ट्रकचा होल्सेट बसवून देतो.' माणूस खोटं बोलत नाही. होल्सेटचा कंप्रेसर चांगला, टर्बाइनही दणकट, ट्विन स्क्रोलही मिळतं. पण तो डिझेलसाठी घडवलेला. डिझेलचा एक्झॉस्ट लोडखालीही रोटरीपेक्षा दोन-अडीचशे अंश थंड. बिडाचं हाउसिंग १००० अंशांवर काही दिवसांत तडे दाखवतं. शिवाय होल्सेट हाउसिंगचं माप चौरस सेंटिमीटरमध्ये देतं, ए/आर मध्ये नाही, त्यामुळे तुलना अंदाजानेच होते. कमी बूस्टच्या, ट्रेलरवरून ट्रॅकला जाणाऱ्या गाडीला चालेल. मी तरी रस्त्यावरच्या एफडीला लावणार नाही.

नवीन टर्बो घेताना टर्बाइन चाकाच्या आणि हाउसिंगच्या धातूची तापमान मर्यादा विचारा. गॅरेटच्या जी मालिकेचं चाक मार-एम मिश्रधातूचं, सुमारे १०५० अंशांपर्यंतचं. जुन्या इन्कोनेल चाकांची मर्यादा साधारण ९५०. ईएफआरचं टायटॅनियम-ॲल्युमिनाइड चाक हलकं, पटकन फिरतं, पण ठिसूळ. सीलचा बारीक तुकडा लागला तरी पाती उडतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकला टाळा. त्यांच्या चाकाचा धातू कुठला हे कुणालाच माहीत नसतं.

बॉल बेअरिंग टर्बोला तेलाचा दाब कमी लागतो आणि रोटरीचा तेलाचा दाब भरपूर. रिस्ट्रिक्टर (तेलाचा दाब कमी करणारी अरुंद वाट) टर्बोच्या आतच आहे की वेगळा लावायचा, हे कंपनीच्या कागदावर पाहा. दोन्ही लागले की बेअरिंग कोरडं. तेल परत जाणारी नळी आतून किमान १९ मिलिमीटर, सतत उताराची, कुठेही पोट न काढलेली. पाण्याच्या नळ्या जोडायच्याच. गाडी बंद केल्यावर बेअरिंगला त्याच वाचवतात.

पेट्रोल आणि प्लग, थोडक्यात

४०० हॉर्सपॉवरला इंजेक्टर ८५ टक्क्यांपर्यंतच चालवायचे तर एकूण मिनिटाला सुमारे २९०० सीसी लागतात. एफडीचे मूळचे दोन ५५० आणि दोन ८५० मिळून २८०० होतात. थोडक्यात कमी, पण रोटरीत थोडंही कमी चालत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला आणखी जास्त द्यावं लागतं. दुय्यम इंजेक्टर (८५० वाले) काढून १६०० च्या आसपासचे घाला आणि विषय संपवा. लीडिंग (खालचे) प्लग मूळचे ७ नंबरचे असतात, ९ किंवा त्याहून थंड (उष्णता लवकर सोडणारे) घाला. पंप, रेग्युलेटर आणि स्वतंत्र इसीयू (इंजिनचा संगणक) हे टर्बोच्या बजेटमध्येच धरा.

आरएक्स-८ वाल्यांसाठी एक ओळ: त्याच्या रेनेसिस इंजिनचं कॉम्प्रेशन १०, एक्झॉस्ट पोर्ट बाजूला, आणि मधला पोर्ट दोन रोटरमध्ये सामाईक. मोठा टर्बो त्याला शोभत नाही. १३बी-आरईडब्ल्यू बसवणं जास्त सोपं पडतं.

बसवल्यावर काय मोजायचं

बूस्ट गेज सगळे लावतात. मोजायला हवा तो टर्बाइनच्या आधीचा दाब. मॅनिफोल्ड बनवतानाच त्यात एक छोटा आटे असलेला बंग (नळी जोडायचं तोंड) वेल्ड करून घ्या. त्याला मीटरभर तांब्याची नळी वेटोळी करून जोडा, एसी-फ्रिजवाल्याकडे मिळते तीच. वायू तिच्यात थंड होतो आणि पुढे रबरी नळी व साधा प्रेशर गेज टिकतो. शेजारीच दोन्ही रोटरला एक-एक तापमान सेन्सर.

पहिल्या दिवशी फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, ०.६ बारच्या आसपास, बूस्ट कंट्रोलर न लावता. डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) चौथ्या गिअरमध्ये ७००० पर्यंत ओढा आणि तीन रेषा पाहा. बूस्टची रेषा सपाट हवी. वर चढत असेल तर थांबा आणि आधी वेस्टगेट सुधारा. एक्झॉस्ट तापमानात दोन रोटरमध्ये ५० अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर इंजेक्टर किंवा प्लग पाहा. तिसरी रेषा त्या तांब्याच्या नळीची. नंतर बूस्ट १ बारवर नेल्यावर तिथे १ ते १.३ दाखवत असेल तर निवड बरोबर आली. १.५ पर्यंत सहन करा. १.८ किंवा २ दिसले तर कितीही छान पळत असली तरी बूस्ट वाढवू नका. कंप्रेसर तसाच ठेवून एका मापाने मोठं टर्बाइन हाउसिंग मागवा. एकाच टर्बोला बहुधा दोन-तीन मापांची हाउसिंग बसतात, आणि संपूर्ण टर्बोच्या मानाने ती बरीच स्वस्त पडतात.